कवळीआधी मंगळूर

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे नऊ दात काढायचे होते आणि त्याआधी त्यांना मासे खायचे होते. एवढ्याशा गोष्टीवरून आमच्या घरात अडीच आठवडे जो गोंधळ चालला, तो लिहून ठेवते आहे. त्या गोंधळात सगळ्यात मोठ्या आवाजात मी बोलत होते आणि सगळ्यात कमी मलाच माहीत होतं.

जाऊबाई कोपरला राहतात. वय सदुसष्ट. थोरले दीर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून बंगळुरात. लग्न होऊन मी आले ती त्याच कोपरच्या घरात आणि तेरा वर्षं तिथे राहिले, मग आम्ही ठाण्याला वर्तकनगरात जागा घेतली. मी देशावरची. माहेरी घरात अंडं आणायचं असलं तरी वडिलांना सांगायची सोय नव्हती. सासर कोकणातलं, मासळीशिवाय ज्यांचा घास उतरत नाही असं. पहिल्या महिन्यात जाऊबाई माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून द्यायच्या आणि मी नाक दाबून गिळायचे. वर्षभरात मी मुंडकं चोखायला लागले. नवरा म्हणतो, आमच्या घरातली सगळ्यात कट्टर मत्स्याहारी म्हणजे ही बाटलेली सून.

तर दातांचं. आमच्या वर्तकनगरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. त्यांनी दोनदा तारीख दिलेली आणि दोनदा जाऊबाईंनी काहीतरी कारण काढून पुढे ढकललेली. एकदा हळदीकुंकू, एकदा भाचीचं डोहाळजेवण. या वेळी डॉक्टर वैतागले. म्हणाले, "काकू, हिरडीत पू धरलाय. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी काढायचे म्हणजे काढायचे." जाऊबाईंनी मुकाट्याने मान डोलवली. मग उठता उठता विचारलं, "कवळीने काटे कळतात का हो?"

डॉक्टर हसले. टाळूवर कवळी बसली की तोंडात काटा कुठे आहे ते नीट कळत नाही, म्हणाले. काटेरी मासे शक्यतो नकोच. पापलेट खा, सुरमई खा.

उपवन तलावापर्यंत चक्कर मारून येऊ म्हटलं, तर तिथल्या कठड्यावर बसल्यावर म्हणाल्या, "एकदा बांगडा खायचाय गो. काट्यासकट, आपल्या दातांनी. बसून."

'बसून' हा शब्द मला जरा उशिरा लागला. या बाईने गेली पंचेचाळीस वर्षं मासे आणले, कापले, तळले, वाढले. घरातली माणसं जेवून उठली की ती ओट्याजवळ उभ्याने नाहीतर पाटावर टेकून उरलंसुरलं खायची. दुसऱ्या कुणी केलेला मासा, दुसऱ्या कुणी वाढलेला, तिने शांतपणे बसून खाल्ल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी तिथेच ठरवलं की सोमवारच्या आत या बाईला कुठेतरी घेऊन जायचं आणि बसवून खाऊ घालायचं. हातात अडीच आठवडे होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मासे खायला बाहेरगावी? कोपरच्या बाजारात काय कमी मिळतात?"

"कोपरच्या बाजारातले कापणार कोण? तुम्ही?"

त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

कुठे जायचं हा पहिला प्रश्न. मालवण आपलंच. पण आपलं असणं हीच तिथली अडचण. चुलत सासरे, त्यांच्या सुना, दोन आतेनणंदा. मालवणात उतरून परक्या खाणावळीत जेवलो हे कळलं, तर पुढची दहा लग्नं आम्हाला तोंड दाखवता आलं नसतं. त्यांच्याकडे उतरलो, तर पोचल्यापासून पंधराव्या मिनिटाला जाऊबाई विळी घेऊन मागच्या पडवीत बसलेल्या असणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. रत्नागिरीत धाकटी नणंद. पणजीला नवऱ्याचा मावसभाऊ, आणि त्याची बायको तर अशी अगत्याची की तिच्यापुढे नाही म्हणणं शक्य नाही. मी इकडे आणि मुलगी फोनवर तिकडे, अशा नकाशा घेऊन बसलो आणि किनाऱ्याने खाली खाली सरकत राहिलो. कारवारला जाऊबाईंच्या माहेरचे कुणीतरी निघाले. जिथे नातेवाईक संपतात तिथे उतरायचं, असं मुलीने जाहीर केलं. नातेवाईक मंगळूरला संपले.

मुलगी सव्वीस वर्षांची आहे. घोडबंदर रोडला ऑफिसजवळ एका टॉवरमध्ये मैत्रिणीबरोबर राहते. आमच्यापासून जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ती घरी पोचेपर्यंत वरण दोनदा गरम करावं लागतं. त्यामुळे आमच्या मीटिंगा फोनवरच झाल्या. तिने कामाला लागून तासाभरात सगळं शोधलं. एक कोंकणी बोलणारी बाई आपल्या घरीच पाहुण्यांना जेवू घालते, आधी सांगावं लागतं. संध्याकाळी यक्षगानाचा तीन तासांचा प्रयोग आहे. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघता येतो. जुन्या कौलांच्या कारखान्याच्या बाजूने फेरफटका, देवळं, समुद्र.

"यक्षगान म्हणजे आपला दशावतारच ना?" स्पीकरवर ऐकत नवरा म्हणाला. "तो तर गावाला फुकट बघायला मिळतो."

"बाबा, चिल. तुम्ही लिलाव बघा."

लिलाव म्हटल्यावर नवऱ्याचा पेपर खाली आला. तेव्हापासून तो या सहलीत सामील झाला.

आता वार. ज्यांच्या घरी हे नाही त्यांना सांगते. आमच्याकडे कुणीतरी कुठल्यातरी देवासाठी आठवड्यातला एखादा वार धरलेला असतो आणि त्या दिवशी मांस-मच्छी वर्ज्य. 'आज माझा वार आहे' म्हटलं की विषय संपतो. यजमानही आग्रह करत नाही. त्यामुळे चार माणसांनी मासे खायला जायचं म्हणजे आधी चौघांचे वार जुळवायला लागतात. मी वहीच्या पानावर तक्ता केला. माझा सोमवार. नवऱ्याचा सोमवार आणि शनिवार. मुलीला सगळे वार सारखे. जाऊबाईंना फोन केला.

"वहिनी, तुमचे वार कोणते हल्ली?"

"मंगळवार, शनिवार. सोमवार तर सगळ्यांचाच."

जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तू बघ कसं जमतं ते."

जमतं म्हणजे काय, मी जमवूनच दाखवलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. शुक्रवारी मासे, शनिवारी देवळं आणि यक्षगान, रविवारी सकाळी परतीची गाडी. मी स्वतःवर इतकी खूश झाले की तक्ता फ्रिजवर चिकटवला. तिकिटं काढली. दोन दिवसांनी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या, तक्त्याकडे बघून म्हणाल्या, "शुक्रवारी संकष्टी आहे ना पण?"

मी वार बघितले होते. तिथी बघितलीच नव्हती. भिंतीवरचं कॅलेंडर दोन हातांवर लटकत होतं आणि मी फोनमधल्या कॅलेंडरवर बघून सगळं ठरवलं, ज्यात चतुर्थी कुठली दिसायला. संकष्टीला जाऊबाई चंद्र दिसेपर्यंत पाणीच काय ते घेतात. म्हणजे शुक्रवार गेला, शनिवार त्यांचा वार, आणि रविवारी गाडीत बसायचं. इतकं जुळवून मी या बाईला मंगळूरला उपाशी ठेवायला निघाले होते. मुलगी फोनवर इतकी हसली की तिच्या मैत्रिणीने येऊन काय झालं म्हणून विचारलं.

तिकिटं रद्द. पुढच्या आठवड्यात मुलीला बुधवारचा अर्धा दिवस आणि गुरुवार-शुक्रवारच सुट्टी मिळत होती. बुधवारी दुपारची गाडी ठाण्याहून, गुरुवारी सकाळी मंगळूर. शुक्रवारी दुपारी परत निघायचं, शनिवारी घरी, सोमवारी दात. या वेळी मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून टेबलावर पसरलं. चतुर्थीनंतर सात दिवसांनी एकादशी यायचीच, तशी ती शुक्रवारी आलेली होती. म्हणजे शुक्रवारी जाऊबाईंचा उपास. हरकत नाही, शुक्रवारी देवळं. गुरुवारी दुपारी त्या कोंकणी बाईंकडे मासे, संध्याकाळी यक्षगान. एकच जेवण, पण भरपूर. मी त्या बाईंशी मोडक्या हिंदीत बोलून घेतलं. बांगडा हवाच, म्हटलं, काट्यासकट. आणि तिकडचा काणे म्हणून लांबुळका मासा असतो, आपली मुडदुशी, तो रव्यात तळून.

जाऊबाईंना तारखा कळवल्या. "गुरुवारी जेवण," म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "छान होईल." मला वाटलं, आनंदाने एवढंच सुचलं असेल.

निघायच्या आधीच्या रविवारी त्या मंगळूरच्या बाईंचा मेसेज आला. 'गुरुवार दुपार. तीन फिश, एक व्हेज. कन्फर्म.'

मी मुलीला फोन लावला. "अगं, त्यांनी काहीतरी घोळ घातलाय. व्हेज कोण?"

मुलीने विषय बदलला. ही मुलगी विषय बदलायला लागली की समजायचं, पाणी मुरतंय.

"मोठी आईने मला फोन केलेला," ती शेवटी म्हणाली. "तिचं एक ताट साधं सांग म्हणाली. आणि तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

"ते नाही सांगितलं. आई, ओरडू नको हां तिला."

ओरडू नको म्हटलं की मला ओरडायचंच असतं. मी तशीच चप्पल घालून निघाले. कोपरला पोचले तेव्हा जाऊबाई दारात बसून मटाराच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग त्यांना कळलं मी का आले ते, आणि त्यांनी शेंगांकडे बघायला सुरुवात केली.

"वहिनी, हे काय चाललंय? कुणासाठी चाललोय आपण मंगळूरला?"

"बस तरी. पाणी घे."

"पाणी नको मला. एक व्हेज कोण?"

"मी," त्या म्हणाल्या. "गुरुवार आहे ना माझा."

"गुरुवार तुम्ही सांगितलाच नाहीत!"

"आधी कधी कुणाला सांगितला नव्हता, आणि मागून सांगितला असता तर तू परत तिकिटं रद्द केली असतीस. मग सोमवार आला असता. तुम्ही सगळे एवढे हौसेने निघालात. मी आपली बसले असते तुमच्याबरोबर. ते यक्षगान बघायचंय मला. आणि बांगडा काय, रविवारी घरी आणून खाल्ला असता."

"आणि कापला कोणी असता?"

त्यांनी पुढची शेंग उचलली. आणि माझा तोल गेला. अडीच आठवड्यांची धावपळ, दोनदा काढलेली तिकिटं, फ्रिजवरचा तक्ता, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी म्हटलं, "सोडा ना एक दिवस! आयुष्यभर वार, वार, वार. मंगळवार एकाचा, शनिवार दुसऱ्याचा. कोण बघतंय? कुणासाठी धरून बसलाय एवढे?"

जाऊबाईंनी हातातली शेंग सोलून दाणे पातेल्यात टाकले.

"मंगळवार सासूबाईंचा," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांचे उपास डॉक्टरांनी बंद केले तेव्हा मी घेतला. शनिवार यांच्या नोकरीसाठी. गुरुवार तुझ्या मुलीसाठी."

आमची मुलगी सातव्या महिन्यात झाली. दीड किलोचीही नव्हती. वीस-बावीस दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मी तिच्याकडे काचेतून बघत होते एवढंच मला आठवतं. घरी कोण काय करत होतं, कोण डबा पाठवत होतं, याचा मला पत्ता नव्हता. जाऊबाईंनी तेव्हा गल्लीच्या टोकाच्या दत्ताला सांगितलं होतं की पोर घरी येऊ दे, गुरुवारी मासळी तोंडात घालणार नाही. पोर घरी आली. शाळेत गेली, कॉलेजात गेली, घोडबंदर रोडला गेली. बाई अजून गुरुवार पाळत होती.

आणि मला ज्याची खरी लाज वाटली ते वेगळंच. त्या घरात गुरुवार हा मासळीचा मोठा दिवस असायचा. नवऱ्याच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी. सकाळीच बाजार व्हायचा, दुपारी रस्सा, तळण, सोलकढी. मी ठाण्याला नोकरीला, संध्याकाळी घरी यायचे तर माझ्या वाटणीच्या दोन चांगल्या तुकड्या झाकून ठेवलेल्या असायच्या. "तुम्ही जेवलात?" मी विचारायचे. "दुपारीच," त्या म्हणायच्या. मुलगी झाल्यावर मी नऊ वर्षं त्या घरात होते. नऊ वर्षांतले सगळे गुरुवार या बाईने आम्हाला मासे तळून वाढले आणि स्वतः भातावर ताक घेतलं, आणि मला एकदाही कळलं नाही. कळलं नाही म्हणजे मी बघितलंच नाही. मी ताटाकडे बघायचे, ताट वाढणारीकडे नाही.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले. रडताना शेंगा सोलत होते, कारण नुसतं रडायला मला जमत नाही.

"अगं, त्यात काय एवढं," जाऊबाई म्हणाल्या. "मुलगी झाली ना धडधाकट?"

तेवढ्यात त्या मुलीचा फोन. आई ओरडली का बघायला. मी तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मग तो वार मी घेते ना. माझ्यासाठीच होता तर मीच करते. मोठी आई फ्री."

जाऊबाईंना हसू आलं. "तुला गुरुवार कधी असतो ते तरी कळतं का गो?"

"रिमाइंडर लावीन."

"आणि मैत्रिणींनी काही मागवलं की?"

"तेव्हा... बघीन."

"बघ," जाऊबाई मला म्हणाल्या, "हिचा गुरुवार महिन्यात मोडेल."

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेते." मला स्वतःलाच धक्का बसला. आठवड्यातले सहा दिवस मासे खाणारी बाई मी. पण सासूबाईंचा मंगळवार जसा जाऊबाईंकडे आला तसा जाऊबाईंचा गुरुवार माझ्याकडे यायला काय हरकत होती? मागणं माझ्या पोरीसाठी होतं. फेड माझ्याकडेच यायला हवी होती, ती सव्वीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर राहिली.

जाऊबाई लगेच कबूल झाल्या नाहीत. वार असा भाजीसारखा हातात देता येत नाही म्हणाल्या. मी हट्टाला पेटले. त्या म्हणाल्या, तुला जमायचं नाही. मी म्हटलं, तुम्हाला जमलं तर मला का नाही? त्या म्हणाल्या, मला मासळीची एवढी ओढ नाही. मी म्हटलं, खोटं बोलताय, तुम्हाला बांगडा खायचाय म्हणून तर हे सगळं चाललंय. शेंगा संपल्या तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "नारळ घे एक कोपऱ्यावरून. त्याला सांगावं लागेल."

देऊळ म्हणजे औदुंबराखाली बांधलेली एक खोली. जाऊबाईंनी नारळ पुढे ठेवला, पदर नीट केला आणि शेजाऱ्याशी बोलावं तशा दत्ताशी बोलायला लागल्या. "ही माझी धाकटी जाऊ. पोर हिचीच. हिची नोकरी आता संपलीये, वेळ आहे हिच्याकडे. माझं सव्वीस वर्षं झालं, आता ही करील. माझे दात काढायचेत सोमवारी." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "वाक की."

मी वाकले. नारळ फोडला, अर्धा त्यांनी घेतला, अर्धा माझ्या ओटीत आला. वार माझा झाला.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता गुरुवारी मासे बंद?"

"तुमचे चालू आहेत. तळायचे तुम्ही आणि खायचे तुम्ही."

त्याने यावर फार विचार केला असावा, कारण बुधवारी गाडीत बसेपर्यंत तो मला फारच सांभाळून घेत होता.

मी त्या मंगळूरच्या बाईंना मेसेज टाकला. तीन फिश, एक व्हेज, तसंच राहू द्या. फक्त व्हेज कोण ते बदललंय. त्यांनी अंगठा पाठवला.

गुरुवारी सकाळी उतरलो. नवऱ्याने बंदरावर लिलाव बघितला आणि तिथून त्याला ओढून काढावं लागलं. दुपारी एक वाजता आम्ही त्या बाईंच्या घरी होतो. कौलारू घर, पुढे सोपा, आत लांब टेबल. बाई पन्नाशीच्या, हसऱ्या. त्यांची कोंकणी आणि जाऊबाईंची मालवणी यांचं पाच मिनिटांत जमलं आणि आम्ही तिघं बाजूला पडलो. पण स्वयंपाकघरातून तळणीचा आवाज यायला लागला आणि जाऊबाई अस्वस्थ झाल्या. एकदा उठून बघून आल्या. पुन्हा उठायला लागल्या तशी त्या बाईंनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. जाऊबाई बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर.

ताटं आली. पांढरे पातळ नीर दोसे ("हे तर घावनंच!" जाऊबाई), काणे रव्यात तळलेले, आणि चिंचेच्या लाल आंबट रश्शात सबंध बांगडे. माझ्यापुढे वरण, भात, तोंडल्याची भाजी. तोंडली चांगली होती. मी खोटं सांगत नाही, चांगली होती. पण तो रश्शाचा वास नाकात जात होता आणि मी मनातल्या मनात दत्ताशी जरा वादच घालत होते की सुरुवात पुढच्या गुरुवारपासून केली असती तर काय बिघडलं असतं.

जाऊबाईंनी पहिला बांगडा उलटा केला. बोटांनी पाठीचा काटा सोडवला, तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. एक बारीक काटा ओठांवर आणून बाजूला ठेवला. मग दुसरा. त्यांच्या हलणाऱ्या दातांनी सगळं नीट चाललं होतं, घाई नव्हती. मुलगी फोन काढून फोटो घ्यायला लागली, मग तिने तो परत पर्समध्ये ठेवला. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि मी बघितलं की तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. दीड किलोचीही नसलेली पोर आता त्यांच्या शेजारी बसून काणे खात होती.

जाऊबाईंचा बांगडा संपला. पाठीचा काटा स्वच्छ, पांढरा, ताटाच्या कडेला. त्या बाई आतून परातीत तळणीतून नुकते काढलेले मासे घेऊन आल्या आणि कुणाला हवंय म्हणून सगळ्यांकडे बघायला लागल्या. आमच्या जाऊबाईंना मी तीस वर्षं ओळखते. परात समोर आली की त्यांचं ठरलेलं असतं, आधी त्यांना वाढ, मला पुरे. मी वाट बघत होते त्या कधी तसं म्हणतात त्याची.

त्यांनी डाव्या हाताने ताट पुढे सरकवलं.

"मला वाढ गो आधी," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर."

मी वरणभात कालवत होते. आयुष्यात इतकं चविष्ट जेवण मी जेवलेली नाही. त्यांनी आणखी दोन खाल्ले, आणि तिसरा संपला तेव्हा जिभेने दातांवरून एकदा चाचपून बघितलं आणि म्हणाल्या, "आता खुशाल काढू देत."